सूचना दर्शनी भागात लावावी

पुण्याहून मेल आला सकाळी नऊ एक्केचाळीसला:
सोबतची सूचना प्रिंट करून दर्शनी भागात लावावी.
उदगीरच्या आमच्या सेंटरला दर्शनी भाग म्हणजे
एक काच. तिच्यावर आधीच दोन कागद,
‘उपाशीपोटी यावे’ आणि ‘सुट्टे पैसे द्यावेत’.
त्यांना सरकवून मी मधे जागा केली.

‘अलीकडेच आमच्या काही ग्राहकांच्या माहितीपर्यंत
अनधिकृत पोहोच झाल्याचे निदर्शनास आले आहे.’

झाल्याचे. आले आहे.
घरी कपबशी फुटली की आमचा धाकटा असंच सांगतो:
फुटली.
कुणी फोडली, ते त्याच्या व्याकरणात नसतं.
त्याला निदान हात तरी मागं लपवावे लागतात.

आणि अलीकडेच म्हणजे कधी?
इथं लोकांना फोन यायलेत संक्रांतीपासून.
आता पोळा तोंडावर आलाय.

मेलमध्ये खाली बारीक अक्षरात आमच्यासाठी:
चोरी म्हणू नये, घटना म्हणावे.
पोलीस म्हणू नये, संबंधित यंत्रणा म्हणावे.
ग्राहक चिडल्यास टोल फ्री नंबर द्यावा.

शिवलिंगप्पा हुडगे थायरॉईडचा रिपोर्ट न्यायला आले.
शाळेत शिपाई होते, त्यामुळं
भिंतीवरचं सगळं वाचायची सवय.
बोट ठेवून ठेवून वाचलं.
‘म्हणजे चोरी झाली म्हणा की.’
‘घटना, काका.’
‘घटना? ती तर सव्वीस जानेवारीला असती.’

‘आर्थिक माहिती पूर्णतः सुरक्षित आहे.
फक्त नाव, वय, मोबाईल क्रमांक
आणि तपासणीचा प्रकार.’

फक्त हा शब्द मीही वापरते.
अकरा वर्षं झाली, या काउंटरवरून
रिपोर्ट मी पालथा घालून देते.
नावाचा पुकारा करते, तपासणीचा कधीच नाही,
कारण रांगेतली चार माणसं
बोलता बोलता एकमेकांचे पाहुणे निघतात.
एखादीचा चेहरा उतरला की मोठ्यानं म्हणते,
‘काही नाही गं, फक्त रक्त कमी आहे. शेपू खात जा.’
माझ्या त्या फक्तखाली
काय काय झाकलंय, मला ठाऊक.

काहीजणी म्हणायच्या, ताई, घरचा नंबर नका टाकू.
मी माझा टाकायची.
म्हणून आज अकराच्या सुमारास
माझा मोबाईल टेबलावर थरथरत सरकत गेला,
एकोणीस वेळा.
प्रिय रुखसाना, प्रिय कोंडाबाई, प्रिय मंगल,
प्रिय प्रणिता,
आपली गोपनीयता हेच आमचे प्राधान्य.
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
संपूर्ण शरीर तपासणीवर वीस टक्के सूट.
कंपनीच्या लेखी मी आता
एकोणीस नावांची बाई,
कावीळ, गर्भ, शुगर, आणि एक
जे मी इथंही लिहिणार नाही.

पण शोभावतीला मी विचारलं नव्हतं.
गुरुवार होता, बाजाराची गर्दी,
तिनं सांगितला तो नंबर टाकला. सासूचा.
जानेवारीत त्याच नंबरवर गोड आवाजात कुणीतरी बोललं,
‘मूल होत नाही ना? आमच्याकडे हप्त्यावर उपचार आहेत.’
ती परत आली नाही.
तिचा दुसरा रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमधे आहे,
पालथा.
सूचनेत तिच्यासाठी ओळ शोधली. ‘काही ग्राहक’
एवढ्यातच कुठंतरी ती असेल.

चिकटपट्टीचं एक टोक निघालं, परत दाबलं.
काचेपलीकडून अक्षरं उलटी दिसत होती.

चारला फोन आला.
‘मंगलबाई बोलताय ना? तुमची शुगर
फार वाढलीय असं कळलं.’
‘मंगलच बोलायले,’ मी म्हटलं.
‘शुगर माझीच.
तुम्ही कोण, कुठून बोलता, नाव सांगा.’

फोन कट झाला.